थकलेला पगार आणि फुटबॉलचा संघ

चिकोडी तालुक्यातील शेतकऱ्याला थकबाकी या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऊस तोडून कारखान्याच्या काट्यावर गेला, की त्याचे निम्मे लक्ष शेतातल्या खोडव्याकडे आणि निम्मे बँकेतल्या खात्याकडे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास दरसाल दरशेकडा पंधरा टक्के व्याजही द्यावयाचे असते. नियम इतका स्पष्ट असूनही बिलाची वाट पाहण्यात उन्हाळे गेलेली घरे या भागात थोडी नाहीत. माल गेला, मोबदला राहिला, आणि दुकानदाराची वही मात्र भरत चालली, ही अवस्था येथे सर्वांच्या परिचयाची आहे. हजारो प्रेक्षकांच्या टाळ्यांत, दिव्यांच्या झगमगाटात धावणारा फुटबॉलपटूही नेमक्या याच अवस्थेत असू शकतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती ध्यानात न येण्यास कारणही आहे. वृत्तपत्रांतून फुटबॉलपटूंच्या कोट्यवधींच्या किमती छापून येतात, आणि त्या वाचून या खेळात पैशाला तोटा नाही असा समज होतो. त्यातून हा परिसर फुटबॉलवेडा. बेळगावात सेंट पॉल शाळेच्या फादर एडी स्मृती स्पर्धेत खेळणे ही शाळकरी मुलांच्या दृष्टीने केवढी तरी मोठी गोष्ट असते. निपाणीहून उत्तरेला गेले की लवकरच कोल्हापूर लागते, आणि तेथे तर राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा ओस पडतात. अशा वातावरणात वाढलेल्या एखाद्या मुलाला मोठ्या संघाकडून बोलावणे आले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याला किती देणार?’ ते पैसे कोण देणार आणि कोठून आणणार, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. वस्तुतः सारे मर्म त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आपल्याकडे फुटबॉलचा संघ आजवर तीन प्रकारच्या आधारांवर उभा राहिला. पहिला आधार पेठेचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही कोल्हापुरातील नावे त्याची साक्ष देतात. वर्गणी, देणगी, एखाद्या दात्याचे औदार्य आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांतील बक्षिसे यांवर हे संघ चालत आले. पुढे बाहेरगावचे, काही वेळा आफ्रिकेतून आलेलेही खेळाडू या संघांत दिसू लागले आणि मानधनाचा प्रश्न तेथेही शिरला. तथापि संघाचा कणा पेठेतल्या पोरांचाच राहिला. ज्याची चूल या खेळावर पेटत नाही, त्याचा पगार थकण्याचा प्रश्न येत नाही.

दुसरा आधार कचेरीचा. मुंबईत रेल्वे, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया अशांचे संघ होते. त्यांतल्या अनेक खेळाडूंची नावे कंपनीच्या हजेरीपटावर असत. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि महिनाअखेरीस इतर कारकुनांबरोबर पगाराचे पाकीट, असा तो क्रम होता. पगार मोठा नव्हता, पण संघ हरला म्हणून तो अडत नसे, आणि गुडघा निकामी झाला तरी टेबल-खुर्ची शिल्लक राही. या व्यवस्थेची आज कोणी फारशी आठवण काढीत नाही. तिच्यात खेळाडूचा दर्जा खुंटतो असा आक्षेपही घेतला जाई, आणि तो अगदीच खोटा नव्हता. परंतु सुरक्षिततेच्या बाबतीत तिला तोड नव्हती हेही मान्य केले पाहिजे.

तिसरा आधार मालकाचा. खेळाडूंशी ठरावीक मुदतीचे करार करावयाचे, परदेशी प्रशिक्षक आणावयाचा, आणि प्रक्षेपण, जाहिरात व तिकिटे यांतून कधी तरी खर्च भरून निघेल या भरवशावर तोवर पदरचे पैसे घालावयाचे, ही ती पद्धत. पदरचे पैसे आहेत तोवर सर्व सुरळीत चालते. ते आटले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एफ. सी. पुणे सिटी हा संघ मिळाला. बालेवाडीचे क्रीडासंकुल हे त्याचे घरचे मैदान. २०१७-१८ च्या हंगामात हा संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. त्याची मालकी वाधवान समूहाकडे होती आणि गृहकर्जे देणारी डी. एच. एफ. एल. ही कंपनी याच समूहातील. २०१९ च्या जून महिन्यात ती कंपनी आपली देणी वेळेवर फेडू शकली नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. फुटबॉल संघ त्याआधीच आर्थिक अडचणींत सापडून मोडला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची लीगमधील जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफ. सी. ला मिळाली. घरे बांधण्यासाठी दिलेल्या कर्जांचा हिशेब बिघडावा आणि बालेवाडीवरील फुटबॉल बंद पडावा, हा संबंध वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. मालकाच्या आधारावर चालणाऱ्या संघाचे स्वरूपच असे असते.

हैदराबादची कथा तर याहून बोधक आहे. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळविले. त्या हंगामातील संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. या गोष्टीला दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच खेळाडूंचे व नोकरवर्गाचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जुन्या खेळाडूंच्या थकबाकीपायी आंतरराष्ट्रीय संघटना फिफाने नवे खेळाडू घेण्यास संघाला बंदी केली. परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले, आणि २०२३-२४ च्या हंगामात नवख्या पोरांच्या जिवावर उतरलेला हा माजी विजेता संघ बावीस सामन्यांत एकच विजय मिळवून तळाशी राहिला. त्या पोरांच्या जिद्दीबद्दल कमी लिहिले गेले, याची खंत वाटते. २०२४ साली संघाचे मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने उभा राहिला. लीगमधील एकच जागा, पण अकरा-बारा वर्षांत तिने तीन शहरे पाहिली.

असे का होते? फुटबॉल संघाचा खर्च आणि उत्पन्न यांचा स्वभावच परस्परविरुद्ध आहे. पगाराचा आकडा हंगामाच्या आरंभी करारात कायम होतो आणि दरमहा तो द्यावाच लागतो. उत्पन्न मात्र पावसासारखे असते. संघ जिंकला तर प्रेक्षक येणार, प्रेक्षक आले तर जाहिरातदार येणार. प्रक्षेपणाच्या हक्कांचे पैसे आले तरी ते हप्त्याहप्त्याने येतात. जिंकण्यासाठी चांगले खेळाडू लागतात, म्हणून मालक येणाऱ्या पैशाच्या आशेवर आजच मोठे करार करून बसतो. पीक हाती येण्याआधी त्याच्यावर उचल घ्यावी, तसाच हा प्रकार. युरोपातील फुटबॉल संघटनेने या मोहाला लगाम म्हणून संघावरील खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांपुढे जाऊ नये असा दंडक क्रमाक्रमाने, २०२५-२६ पर्यंत, लागू केला. भारतातील संघांची तिकीटविक्री पाहता हा दंडक येथे लावावयाचा म्हटला तर किती संघ मैदानावर उतरतील, हे सांगणे कठीण आहे.

श्रीमंत देशांतही हे दुखणे आहे. इंग्लंडातील बरी हा १८८५ साली स्थापन झालेला संघ. त्याने दोनदा एफ. ए. कप जिंकला होता. कर्ज आणि थकलेले पगार यांच्या ओझ्याखाली तो इतका दबला, की ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने त्याचे नावच काढून टाकले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या शेफील्ड वेन्सडे या संघाच्या खेळाडूंचे पगार २०२५ मध्ये वारंवार लांबले. ऑक्टोबरात संघाचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि शिक्षा म्हणून त्याचे बारा गुण कापण्यात आले. पैसे चुकविले मालकाने आणि गुण गेले खेळाडूंचे, असा हा न्याय आहे. त्याला दुसरा उपाय सुचत नाही हे खरे, तरी तो खटकतो.

मग खेळाडूने करावे काय? गिरणीकामगारासाठी व कारखान्यातील नोकरासाठी १९३६ च्या कायद्याने पगाराची तारीख बांधून दिली होती. महिना संपल्यावर सातव्या, फार तर दहाव्या दिवसापर्यंत पैसे हाती पडलेच पाहिजेत, असा तो नियम. हा कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला. करारबद्ध खेळाडूची भिस्त मात्र मुख्यतः फिफाच्या नियमांवर असते. जून २०१८ पासून लागू असलेल्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, की खेळाडूने संघाला लेखी नोटीस द्यावी आणि निदान पंधरा दिवसांची मुदत द्यावी. त्या मुदतीत पैसे न आल्यास योग्य कारणास्तव करार मोडण्याचा अधिकार त्याला मिळतो. नुकसानभरपाईही मागता येते. निर्णय झाल्यावरही संघाने पैसे दिले नाहीत, तर देणे फिटेपर्यंत, तीन नोंदणी-हंगामांच्या कमाल मर्यादेत, नवे खेळाडू नोंदविण्यास त्याला बंदी होते. हैदराबादवर चालले ते हेच हत्यार.

कागदावर ही व्यवस्था चांगली दिसते. व्यवहारात तिच्यात दोन खाचा आहेत. एक म्हणजे फिफाचे न्यायपीठ मुख्यतः निरनिराळ्या देशांतील पक्षांचे तंटे ऐकते; स्पेन किंवा ब्राझीलहून आलेला खेळाडू तेथे सरळ दाद मागू शकतो, पण भारतीय खेळाडूचा भारतीय संघाशी असलेला तंटा सामान्यतः अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीपुढे जातो. दुसरी खाच वेळेची. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे दहा-बारा. त्यांतले एक वर्ष तक्रारीत गेले, तर परत मिळालेल्या पैशांबरोबर ते वर्ष परत येत नाही. करार मोडून मोकळा झालेला खेळाडू जाणार कोठे? इतर संघांची भरती हंगामाआधीच आटोपलेली असते. म्हणून बहुतेक जण नोटीस देण्याचे टाळतात, पुढच्या आठवड्याचे आश्वासन पदरात घेतात आणि शनिवारी पुन्हा मैदानात उतरतात. सामान सांभाळणारा, मालीश करणारा, बस हाकणारा, मैदानावर पाणी मारणारा यांना तर फिफाचा हा नियम तारीत नाही. त्यांचा पगार लहान, म्हणून तो थकल्याची बातमीही लहान.

जगभर अशी प्रकरणे इतकी साचली, की फेब्रुवारी २०२० मध्ये फिफाने व खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून बुडालेल्या पगारांपोटी १ कोटी ६० लक्ष डॉलरचा निधी उभारला. बुडीत संघांच्या खेळाडूंना त्यातून थोडीफार मदत व्हावी हा हेतू.

भारतात २०२५ साली तर मालक बुडाला नसतानाही पगार थांबल्याचे पाहावे लागले. महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यात २०१० मध्ये झालेल्या हक्कांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नवा करार ठरेना, म्हणून जुलैमध्ये पुढील हंगाम लांबणीवर टाकण्यात आला. सामने नाहीत म्हणून प्रक्षेपण नाही, प्रक्षेपण नाही म्हणून जाहिरात नाही. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफ. सी. ने आपल्या मुख्य संघाच्या खेळाडूंचे व सेवकवर्गाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविल्याचे जाहीर केले. युवा संघ व फुटबॉल शाळा यांचे काम तेवढे चालू ठेवले. सुनील छेत्रीसारखा खेळाडू ज्या संघात, ज्याच्या पाठीशी जे. एस. डब्ल्यू. सारखा पोलादाचा उद्योग, त्याची ही गत. मग लहान संघांची काय कथा! अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये लीग आखूड रूपात सुरू झाली.

एवढे सर्व ऐकून चिकोडी-निपाणीकडील आईबापांनी मुलाच्या पायांतले बूट काढून ठेवावेत असे मात्र नाही. करारावर सही करण्यापूर्वी थोडी चौकशी केली तरी पुष्कळ साधते. पगाराची तारीख करारात लिहिलेली आहे काय. रक्कम दरमहा आहे की हंगामाच्या शेवटी एकरकमी. दुखापत झाली तर पगार व औषधोपचार कोणाकडे. मध्यस्थाचा वाटा किती. संघावर आज नोंदणीची बंदी आहे काय, हे पाहावे. गेल्या हंगामात तेथे खेळलेल्या एखाद्या मुलाला गाठून त्याला शेवटचा पगार कोणत्या महिन्यात मिळाला, हेही विचारावे. कराराची सही-शिक्क्याची प्रत घरी, ऊसबिलाच्या पावत्या ठेवतात त्याच पेटीत असावी. पगार थकल्यास तोंडी विनवण्या करीत न बसता दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस लेखी नोटीस द्यावी आणि तिची पोच घ्यावी. पंधरा दिवस मोजले जातात ते त्या नोटिशीपासून.