पिढी कोणाची, घाई कोणाची?

आमच्या वऱ्हाडात पिढी सातबाऱ्यावरून मोजतात. आजोबांचे नाव कमी होऊन वडिलांचे लागले, पुढे वडिलांचे जाऊन मुलाचे लागले, म्हणजे एक पिढी सरली. त्याला पंचवीस-तीस वर्षे लागतात. मोबाइलच्या दुनियेत मात्र साधारण दहा वर्षांतच पिढी पालटते. टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी यांतला ‘जी’ म्हणजे जनरेशन, अर्थात पिढीच. मी कवितेचा माणूस, तंत्रज्ञ नाही. पण शब्द आमच्या घरातला असल्यामुळे मला प्रश्न पडला, की ही नवी पिढी जन्माला घालण्याची घाई नेमकी कोणाला असते?

आपल्याला वाटते, मोबाइल कंपन्यांना. जाहिराती त्यांच्याच असतात ना! प्रत्यक्षात कंपन्यांचे वागणे लग्नाला आलेल्या मुलाच्या बापासारखे असते. लग्न करायचे आहे, पण खर्च दिसतो म्हणून तो मुहूर्त पुढे ढकलतो. आणि शेजाऱ्याने मांडव घातला की रातोरात आमंत्रणपत्रिका छापून आणतो.

थ्रीजीचेच पाहू. जपानमध्ये डोकोमो कंपनीने ही सेवा ऑक्टोबर २००१मध्ये सुरू केली. युरोपात २०००च्या लिलावांत एकट्या ब्रिटनमध्ये कंपन्यांनी सुमारे साडेबावीस अब्ज पौंड मोजले आणि पुढे बऱ्याच जणी कर्जात रुतल्या. ते पाहून आपल्याकडच्या कंपन्या सावध होत्या. लोक फोन बोलण्यासाठी घेतात, चित्रे पाहण्यासाठी नाही, असा हिशेब होता. २००९मध्ये तर सेकंदाला एक पैसा या दराची लढाई जुंपली होती. अशा स्वस्ताईत नवी गुंतवणूक कशी परवडणार? सरकारी एमटीएनएलने डिसेंबर २००८मध्ये दिल्लीत आणि बीएसएनएलने फेब्रुवारी २००९मध्ये चेन्नईत थ्रीजी सुरू केले, तेव्हा खासगी कंपन्या लिलावाची वाट पाहत होत्या.

लिलाव एप्रिल-मे २०१०मध्ये झाला. ३४ दिवस, १८३ फेऱ्या. सरकारच्या तिजोरीसाठी सुमारे ६७,७१९ कोटी रुपयांची बोली लागली. काल ‘परवडत नाही’ म्हणणारे आज बोली चढवत होते. कारण साधे होते. जास्त बिल भरणारे गिऱ्हाईक जिथे थ्रीजी असेल तिथे जाणार, ही भीती. पहिले व्हायची हौस कोणालाच नव्हती. मागे राहायची तयारीही नव्हती.

आपला अमरावती-अकोल्याचा भाग मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा मिळून झालेल्या परिमंडळात येतो. त्याचा थ्रीजी हक्क टाटा, आयडिया आणि व्होडाफोन या तिघांनी घेतला. प्रत्येकी किंमत सुमारे १,२५८ कोटी रुपये, मुदत वीस वर्षे. आता अट ऐका. पाच वर्षांत परिमंडळातल्या निदान निम्म्या जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणी सेवा पोहोचवायची. म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर घेऊन अकोला-वाशीम वगळले असते, तरी नियम मोडला नसता. नवी पिढी ‘महाराष्ट्रात आली’ असे पेपरात छापून येते, तेव्हा महाराष्ट्र म्हणजे कोणता, हे विचारायला हवे ते यासाठी.

या तिघांचे पुढे काय झाले? टाटांनी २०१७मध्ये आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलला देऊन टाकण्याचे ठरवले. आयडिया आणि व्होडाफोन २०१८मध्ये एकत्र आल्या. २०१९मध्ये एअरटेलने कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली. टूजी मात्र चालू ठेवले. नातू आधी गेला आणि आजोबा काठी टेकत फिरत राहिले, असा हा उलटा प्रकार.

फोरजीने आणखी एक धडा दिला. एअरटेलने एप्रिल २०१२मध्ये कोलकात्यात आणि त्याच वर्षी पुण्यात ही सेवा आणली. पण लोकांच्या हातात त्या लहरी पकडणारे फोनच नव्हते. रस्ता तयार, बैलगाडीच नाही! रिलायन्सने २०१०मध्येच लहरींचा हक्क मिळवला होता. पण जिओची सेवा खुली झाली सप्टेंबर २०१६मध्ये, देशभर जाळे विणून, फुकट डेटा आणि बोलणे देऊन. सहा वर्षे उशिरा आलेल्याने बाजार उलटापालटा केला. आधी येण्यापेक्षा तयारीने येणे महत्त्वाचे, हे कंपन्यांना तेव्हा कळले.

म्हणूनच फाइव्हजीच्या वेळी पुन्हा टाळाटाळ दिसली. दूरसंचार नियामकाने २०१८मध्ये ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी देशभराची पायाभूत किंमत प्रत्येक मेगाहर्ट्झला ४९२ कोटी रुपये सुचवली. या भावाने आम्ही घेणार नाही, असे एअरटेलने उघड सांगितले. २०२२मध्ये ती ३१७ कोटींवर आली. लिलाव झाला, १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत उद्घाटन झाले. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होते. अमरावतीहून दीडशे किलोमीटरवर फाइव्हजी आले होते.

आता हे पट्ट्यांचे प्रकरण काय आहे? आपण रेडिओ ऐकणारे, आपल्याला लवकर कळेल. आकाशवाणीचे नागपूर केंद्र मध्यम लहरींवर दूरदूरच्या खेड्यांत ऐकू यायचे. एफएमचा आवाज स्वच्छ, पण शहर मागे पडले की तो विरतो. मोबाइलचेही ढोबळमानाने तसेच. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतून शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झवर माहिती जास्त वाहते, पण पल्ला कमी. मग टॉवर जास्त लागतात. दाट वस्तीच्या शहरात ते परवडते. जिथे दोन गावांमध्ये डोंगर आणि सागवान आहे तिथे परवडत नाही. दूर जाणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१च्या लिलावांत महाग म्हणून कोणी घेतलाच नाही. २०२२मध्ये जिओने तो घेतला.

डोंगर-सागवान म्हटले की मेळघाट आला. धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६च्या सुमारास देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. राज्य सरकारबरोबर मायक्रोसॉफ्ट होती. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांतून इंटरनेट देण्याचा प्रयोग होता. कल्पना उत्तम, कारण त्या लहरी लांब पल्ल्याच्या. पण २०१९च्या लोकसभा प्रचारात तिथले दावे खरे की खोटे, हा सभांचा विषय झाला. यंत्र बसवणे एका दिवसाचे काम, ते चालू ठेवणे रोजचे. जुलै २०२२मध्ये केंद्राने नेटवर्क न पोहोचलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. शहरात फाइव्हजीचा मांडव पडत होता तेव्हा एवढी गावे आधीच्याच पिढीची वाट पाहत होती.

अचलपूरकडे आमच्या फुफी राहतात. बटणांचा फोन, पडद्याला तडा गेलेला. फोन बदला, सिम बदला, असे संदेश त्यांना येत राहतात. त्या वाचत नाहीत, मी वाचून दाखवतो. एकदा म्हणाल्या, ‘‘बेटा, माह्या फोनले का झालं? तुहा आवाज येते ना मले, मंग?’’ मला उत्तर सुचले नाही. इंटरनेट त्यांनी कधी उघडले नाही, पण रिचार्जमध्ये डेटाचे पैसे मात्र भरले. नियामकाने डिसेंबर २०२४मध्ये फक्त बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळे रिचार्ज ठेवण्याचा नियम केला, तो अशा फुफींसाठीच म्हणायचा.

नव्या पिढीला माझा विरोध नाही. डॉक्टरचा सल्ला, बाजार समितीतला कापसाचा भाव, पोरांचा अभ्यास आता या लहरींवरूनच येतो. कंपनीने नफा पाहावा, सरकारने महसूल पाहावा. पण जुलै २०२४मध्ये दर वाढले ते फाइव्हजीवाल्यांपुरते नव्हते. खर्चाचा वाटा सगळ्यांनी उचलायचा असेल, तर अट निम्म्या जिल्ह्यांची नको, शेवटच्या गावाची हवी. घरात नवे मूल आले की आपण पेढे वाटतो. म्हणून म्हाताऱ्यांचे ताट बंद करत नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)