उरलेली गोळी नव्या तापाला नको

दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या वाशी, भूम, कळंब भागातून ऊसतोडीला गाड्या निघतात. पीठ-मिठाच्या सामानात कधी गोळ्यांची अर्धी पाकिटंही बांधली जातात. फडावर ताप आला की तीच गोळी नवऱ्याला आणि तीच अर्धी करून लेकराला दिली जाते. हे धोक्याचं आहे.

अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, फक्त जिवाणूंवर चालतं. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार आहेत, त्यांच्यावर त्याचा उपयोग नाही. साध्या जुलाबातही बहुतेक वेळा जलसंजीवनीच महत्त्वाची असते. शिवाय प्रत्येक अँटिबायोटिक वेगळं असतं:

• अमॉक्सिसिलिन : पेनिसिलिनच्या घराण्यातलं. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी आल्या असतील किंवा दम लागला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

• ॲझिथ्रोमायसिन : दिवसातून एकदा, थोडेच दिवस घ्यायचं असल्याने लोक मागून घेतात. हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना सांगावं.

• सिप्रोफ्लॉक्सासिन : दूध, दही, ॲसिडिटीचं औषध किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. टाचेच्या वरची शीर दुखू लागली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा.

• डॉक्सिसायक्लिन : पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यावं, लगेच आडवं होऊ नये. गरोदर बाई आणि 8 वर्षांखालच्या लेकराला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

• मेट्रोनिडाझोल : गोळ्या चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारू अजिबात नको.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्यांनी क्षयरोगाचा खोकला काही दिवस दबतो आणि निदान लांबतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर आधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयरोगाची औषधं मोफत मिळतात.

चुकीच्या किंवा विनाकारण घेतलेल्या गोळ्यांमुळे जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मग साधी जखमही लवकर बरी होत नाही. म्हणूनच पाकिटावर उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. केंद्र सरकारने 2016 साली या लाल रेघेची मोहीम सुरू केली.

दवाखान्यात चार प्रश्न विचारायला लाजू नका : हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी आहे? जेवणाआधी घ्यायचं की नंतर? किती दिवस? सांगितलेले दिवस पुरे करा. बरं वाटलं म्हणून मनाने थांबवू नका. अंगावर गांधी, तोंडाला सूज किंवा दम लागला, तर गोळी बंद करून तातडीने दवाखाना गाठा. गरज पडल्यास 108 वर फोन करा.

ऊसतोडीला निघण्याआधी घरातली उरलेली पाकिटं आशाताईंना दाखवा. थंडी, ताप, जुलाबासाठी सोबत काय न्यावं, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्या.