एक साप की दोन? ग्रीक-रोमन देवतांची चिन्हं नीट वाचूया

ग्रीक-रोमन देवांच्या हातातल्या वस्तू नुसती सजावट नव्हत्या. भक्त त्या देवाकडे काय मागत, हे त्यांतून कळायचं. ही चिन्हं आज जगभर वापरली जातात, पण त्यांचे अर्थ बऱ्याचदा चुकीचे लावले जातात.

गैरसमज : दोन साप आणि पंख असलेली काठी म्हणजे वैद्यकाचं चिन्ह.

वस्तुस्थिती : ती काठी हर्मिसची, म्हणजे रोमनांच्या मर्क्युरीची. हा देवांचा निरोप्या. व्यापारी, वाटसरू आणि चोरसुद्धा त्याला भजत. मेलेल्यांना पाताळात पोचवायचं कामही त्याच्याचकडे! रोग बरे करणारा देव अ‍ॅस्क्लेपियस. त्याच्या साध्या काठीला एकच साप असतो, पंख नसतात. ग्रीसमध्ये एपिडॉरसच्या त्याच्या देवस्थानात रोगी रात्री मुक्कामाला येत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. तिथे बिनविषारी साप पाळलेले असत. साप कात टाकून नवा होतो, म्हणून तो बरं होण्याची खूण.

रोममध्ये साथ पसरली तेव्हा एपिडॉरसहून असाच एक साप जहाजातून आणवल्याची कथा आहे. इ.स.पू. २९१ मध्ये टायबर नदीतल्या बेटावर अ‍ॅस्क्लेपियसचं देऊळ झालं. पुढे बेटाच्या काठाला दगडी जहाजाचा आकार दिला गेला. त्यावर कोरलेली काठी आणि साप आजही दिसतात. बेटावर आजही रुग्णालय आहे. १९०२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने हर्मिसची काठी चिन्ह म्हणून स्वीकारली आणि दोन काठ्यांमधला गोंधळ वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हावर मात्र एकच साप आहे.

गैरसमज : रोमनांनी ग्रीक देवांची फक्त नावं बदलली.

वस्तुस्थिती : ग्रीकांचा युद्धदेव अ‍ॅरीस रक्तपिपासू, ‘इलियड’ या महाकाव्यात खुद्द बाप झ्यूस त्याचा तिटकारा करतो. रोमनांचा मार्स हा रोमचा संस्थापक रोम्युलस याचा पिता आणि शेताचाही राखणदार. शेतीवर लिहिणाऱ्या केटोने त्याची प्रार्थना दिली आहे : डुक्कर, मेंढा आणि बैल शेताभोवती फिरवायचे, बळी द्यायचे आणि पीक, गुरं, घरदार सांभाळ असं मागायचं. लांडगा आणि सुतारपक्षी हे मार्सचे पवित्र प्राणी. दोन तोंडांच्या जेनस या रोमन देवाला तर ग्रीकांकडे जोडच नाही.

गैरसमज : हेडीस म्हणजे ग्रीकांचा सैतान किंवा यम.

वस्तुस्थिती : हेडीस पाताळाचा राजा, पण दुष्ट नव्हे. प्राण नेणारा थॅनाटोस वेगळा. मृतांचा निवाडा मायनॉस आणि इतर न्यायाधीश करतात. धान्य आणि धातू जमिनीखालूनच येतात, म्हणून हेडीसच्या हातात पुष्कळदा समृद्धीचं शिंग दाखवतात.

गैरसमज : न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी प्राचीन काळापासून आहे.

वस्तुस्थिती : रोमन नाण्यांवरच्या न्यायदेवतेचे डोळे उघडे आहेत. पट्टी आली पंधराव्या शतकाच्या अखेरीस, तीही टीका म्हणून : १४९४ मध्ये बाझेल शहरात छापलेल्या एका चित्रात एक मूर्ख माणूस तिचे डोळे बांधतो आहे. त्या पट्टीला निःपक्षपातीपणाचा अर्थ नंतर चिकटला. आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या मूर्तीला पट्टी नाही, हातात तलवारीऐवजी संविधान आहे. पट्टी काढल्याने जुनी परंपरा मोडली असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की उघड्या डोळ्यांची न्यायदेवताच अधिक जुनी आहे.