ट्रॅक्टरचे ऑइल : तारखेने नव्हे, तासाने बदला

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पुजायचा आणि त्याच सुमारास ऑइल बदलायचे, अशी पद्धत अनेक गावांत आहे. काही जण पाडव्याला पुन्हा एकदा बदलतात. वर्षातून दोन वेळा ऑइल बदलले म्हणजे इंजिनाची देखभाल झाली, असा समज त्यामागे असतो. घरच्या दहा-बारा एकरांपुरता चालणाऱ्या ट्रॅक्टरला ही पद्धत पुरेशी ठरतेही. परंतु गावात भाड्याने रोटाव्हेटर, मळणीयंत्र आणि ट्रॉलीची कामे करणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा हिशेब पार चुकतो.

बहुतेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याची मुदत २५० तास दिलेली असते. जुन्या काही ट्रॅक्टरांना ती याहून कमी, तर काही नव्या मॉडेलांना ४०० तास किंवा त्याहून अधिक असते. आता रब्बीच्या घाईचे दिवस डोळ्यांसमोर आणा. रोज ८ तास रोटाव्हेटर चालला तर ३२ दिवसांच्या आत २५० तास भरतात. म्हणजे खंडेनवमीला घातलेले नवे ऑइल दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत बदलायला आलेले असते. तेच ऑइल पाडव्यापर्यंत चालवले तर शेवटचे तीन-चार महिने इंजिन निकामी झालेल्या वंगणावर फिरत असते. ट्रॅक्टर चालतो, ओढतो, काम देतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. झीज आत होत असते आणि ती दिसू लागते तेव्हा इंजिन बांधायला आलेले असते.

ऑइल खराब होते म्हणजे काय होते?

ऑइल हे केवळ वंगण नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर दाबाने उभा असतो आणि त्या थरामुळे धातूला धातू घासत नाही. त्याशिवाय पिस्टनची उष्णता वाहून नेणे, रिंग आणि लायनर यांमधील बारीक फट बंद ठेवणे, काजळी व मळ धुऊन स्वतःत धरून ठेवणे आणि आतल्या भागांना गंज चढू न देणे, ही कामेही ऑइलच करते. ही कामे करता यावीत म्हणून कारखान्यात ऑइलमध्ये निरनिराळी रासायनिक द्रव्ये मिसळलेली असतात. मूळ तेल लवकर संपत नाही, मात्र ही द्रव्ये कामात खर्ची पडतात. ती संपली की काजळीच्या गाठी होतात, आम्ल मारले जात नाही आणि ऑइल घट्ट होऊन चिखलासारखे बसू लागते.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. एक लिटर डिझेल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगले तापले तर ती पुन्हा उडून ब्रीदरवाटे बाहेर पडते. मात्र जो ट्रॅक्टर पाच-दहा मिनिटे चालून, चाऱ्याचा भारा आणून पुन्हा सावलीत उभा राहतो, त्याच्या ऑइलमध्ये हे पाणी साचत जाते. म्हणून वर्षाकाठी अवघे १०० तास चाललेल्या ट्रॅक्टरचे ऑइलसुद्धा वर्षातून एकदा बदललेच पाहिजे. तास किंवा वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते धरावे.

डिझेलमधील गंधकापासून तयार होणारे आम्ल हे पूर्वी ऑइल लवकर बदलण्याचे एक मोठे कारण होते. एप्रिल २०२० पासून देशभर विक्रीला असलेल्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आली आहे. त्यामुळे हे कारण आता बरेच सौम्य झाले आहे. परंतु काजळी आणि धूळ ही कारणे होती तशीच आहेत आणि आपल्याकडे तीच जास्त घातक आहेत.

ऑइल काळे झाले म्हणून ते खराब झाले, असे मात्र समजू नये. डिझेल इंजिनातील नवे ऑइल थोड्याच तासांत काळे होते. काजळी धुऊन अंगावर घेणे हे त्याचे कामच आहे. बोटांमध्ये चोळून ‘अजून चिकट आहे, चालेल’ असा निर्णय देणारे जाणकार प्रत्येक गावात भेटतात. बोटांना आम्ल समजत नाही आणि संपलेली द्रव्येही समजत नाहीत. तसेच पातळी कमी झाली की वरून लिटरभर ऑइल घालत राहणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. वरून घातलेले ऑइल पातळी भरून काढते. जुना मळ आत तसाच राहतो.

फिल्टर वाचवू नका

ऑइल बदलताना फिल्टर मात्र जुनाच ठेवण्याची काटकसर बरेच जण करतात. फिल्टर तुंबला तरी बेअरिंग कोरडे पडू नये म्हणून त्यात किंवा त्याच्या बैठकीत एक झडप ठेवलेली असते. फिल्टर तुंबला की ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. म्हणजे ऑइलचा दाब ठीक दिसतो, दिवा लागत नाही, पण मळासकट ऑइल बेअरिंगमध्ये फिरत राहते. नवे ऑइल घालूनही असे होत असेल तर त्या खर्चाचा उपयोग काय? प्रत्येक वेळी ऑइलबरोबर फिल्टर बदलावाच.

खरा शत्रू धूळ

सुमारे २.७ लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालत असेल तर ते तासाला सुमारे १ लाख ४० हजार लिटर हवा आत ओढते. ही हवा रोटाव्हेटरच्या धुरळ्यातून किंवा मळणीयंत्राच्या भुसकटातून येते. मातीतील वाळूचा बारीक कण लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतो. एअर क्लीनरमधून निसटलेली धूळ प्रथम लायनर आणि रिंगा घासते, मग ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंगला पॉलिश पेपरसारखी लागते. कितीही महागडे ऑइल घातले तरी एअर क्लीनरकडे दुर्लक्ष असेल तर इंजिन वाचत नाही. आमच्या मते, मुदतीआधी बांधायला येणाऱ्या इंजिनांबाबत पहिला संशय एअर क्लीनरवरच घ्यावा.

ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या कामात तो रोज उघडून पाहावा. वाटीच्या तळाशी बोटाला गाळ लागू लागला किंवा ऑइल घट्ट झाले की वाटी रिकामी करून रॉकेलने किंवा डिझेलने धुवावी, वरची जाळीही धुऊन निथळू द्यावी आणि खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. मळणीच्या दिवसांत हे काम रोजचे समजावे. खुणेच्या वर ऑइल भरू नये. जास्तीचे ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि एखादे वेळी त्या ऑइलवरच इंजिन आवरेनासे धावते.

कागदी फिल्टरचा एअर क्लीनर असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. तो दगडावर किंवा टायरवर आपटून झटकू नये, कारण कागदाला न दिसणारी चीर पडते. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर असा झोत मारावा. बाहेरून आत मारल्यास धूळ कागदात रुतते. आतला छोटा फिल्टर साफ करून पुन्हा वापरायचा नसतो, तो बदलायचाच असतो. फिल्टर तुंबल्याचे दाखवणारा दिवा किंवा खूण ट्रॅक्टरवर असेल तर ती दिसल्यावरच साफ करावा. रोज उगाच उघडल्याने फायद्यापेक्षा नुकसान अधिक होते.

एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा यांकडे कोणाचेही लक्ष नसते. पाइपला चीर असेल तर हवा क्लीनरला वळसा घालून धुळीसकट आत जाते. ऑइलच्या वाटीचा क्लीनर असलेल्या साध्या इंजिनावर हे तपासणे सोपे आहे. इंजिन मंद चालू ठेवून हवेच्या वरच्या तोंडावर सपाट फळी घट्ट धरावी. हात लावू नये. इंजिन गुदमरून बंद पडले तर मार्ग पक्का आहे. तरीही चालू राहिले तर मध्ये कोठेतरी हवा शिरते आहे.

ऑइल काय सांगते?

ऑइलची पातळी रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पाहावी. कमी झाली तर आपण लगेच पाहतो, पण पातळी वाढली तर अनेकांना आनंदच होतो. वाढलेली पातळी हे धोक्याचे लक्षण आहे. डिझेलच्या फीड पंपाचा पडदा फाटला असेल किंवा नोझल गळत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते व त्याला डिझेलचा वास येतो. हेड गॅसकेट गेले असेल किंवा लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गळत असतील तर पाणी उतरते आणि ऑइल ताकासारखे पांढरट दिसते. पाण्याची शंका असेल तर उघड्यावर तापवलेल्या जुन्या तव्यावर लांबून ऑइलचा एक छोटा थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. टिपकागदावरही एक थेंब टाकून पाहावे. चांगले ऑइल मधल्या डागाभोवती एकसारखे पसरते. डाग मध्येच घट्ट काळा राहिला आणि भोवती फक्त फिकट कडे दिसले तर ऑइलची काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली आहे.

ऑइलच्या दाबाचा दिवा चालू इंजिनात लागला तर ‘एवढी पट्टी संपवू’ असे म्हणू नये. त्याच जागी इंजिन बंद करावे. ब्रीदरमधून जोरात धूर येणे, ज्याला आपले मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, हे रिंगा-लायनर झिजल्याचे लक्षण होय. जुना ट्रॅक्टर विकत घेताना रंग आणि टायर पाहण्याआधी तापलेल्या इंजिनाचा ब्रीदर पाहावा.

ऑइल बदलताना

इंजिन गरम असताना ऑइल काढावे, म्हणजे मळ तळाशी न बसता ऑइलबरोबर निघून जातो. ड्रेन नटाचा वायसर खराब असल्यास बदलावा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला ऑइलचे बोट लावून तो हातानेच आवळावा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी छिन्नीने काढावा लागतो. ऑइल भरल्यावर इंजिन मंद चालवून दाब आल्याची खात्री करावी, मग बंद करून थोड्या वेळाने पातळी पुन्हा पाहावी.

ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. डब्यावर १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० असा घट्टपणा आणि सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ असा दर्जा छापलेला असतो. घट्टपणा सारखा असला म्हणून दर्जा सारखा होत नाही. धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा असलेल्या नव्या ट्रॅक्टरांना कमी राखेचे खास ऑइल लागते. त्यात साधे ऑइल घातल्यास सायलेन्सरमधला गाळणारा भाग राखेने भरतो. त्याचप्रमाणे ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला वेगळे ऑइल असते. इंजिनाचे उरलेले ऑइल तिकडे ढकलू नये.

तासांचा हिशेब

मळणीयंत्रावर ट्रॅक्टर दिवसभर एकाच जागी उभा असतो, पण इंजिन पूर्ण भारावर चालू असते. म्हणून रस्ता किंवा एकर न मोजता तास मोजावेत. जुन्या यांत्रिक तासमापकाचा एक तास ठरावीक वेगावरच भरतो, मंद चालणाऱ्या इंजिनात तो मागे पडतो. बऱ्याच ट्रॅक्टरांवर तर त्याची केबलच तुटलेली असते. अशा वेळी डिझेलची वही ठेवावी. आपला ट्रॅक्टर तासाला सरासरी ४ लिटर डिझेल घेत असेल तर १००० लिटर डिझेल म्हणजे २५० तास झाले. हा आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या सरासरीवरून काढावा. डिझेलच्या पावत्या घरात असतातच, त्यांची बेरीज करण्यास वेळ लागत नाही. ड्रायव्हर हंगामागणिक बदलतात, तेव्हा ऑइल कधी बदलले हे त्यांच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. तास किंवा लिटरचा आकडा मडगार्डच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवल्यास कोणालाही दिसतो.

खर्चाचे म्हणाल तर मध्यम ट्रॅक्टरला साधारण ६ ते ९ लिटर ऑइल आणि एक फिल्टर लागतो. भाड्याने रोटाव्हेटर चालवणाऱ्याने एका दिवसाच्या भाड्याशी हा खर्च ताडून पाहावा आणि मग लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग व मजुरी यांचे दर तालुक्याच्या गॅरेजमध्ये विचारावेत. त्यात ऐन पेरणीत बुडालेले पंधरा दिवस आणि तरीही भरावा लागणारा बँकेचा हप्ता मिळवायचा राहतोच.

काढलेले जुने ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते जनावरांच्या जखमेवर किंवा बैलाच्या खांद्यावर लावण्याची रीतही सोडावी, कारण त्यात शरीराला घातक अशी द्रव्ये उतरलेली असतात. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचेल अशा गॅरेजला किंवा विक्रेत्याला द्यावे. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नये.