मर रोगाची बुरशी आणि चांदीचे कण

मालेगाव, सटाणा, देवळ्याच्या डाळिंब उत्पादकांना फ्युजेरियम हे नाव नवे नाही. बागेत ‘मर’ शिरली की हिरवेगार झाड बघता बघता वाळते. त्यामागच्या बुरशांपैकी एक म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. याच जातीच्या बुरशीला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकाऱ्यांनी कामाला लावले. चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ती ठेवली, तेव्हा द्रावणात चांदीचे ५ ते १५ नॅनोमीटरचे कण तयार झाले आणि बुरशीने सोडलेल्या प्रथिनांनी ते एकमेकांना चिकटू दिले नाहीत. हा शोधनिबंध २००३ चा.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इथे गुण ठरतात ते आकारावर. सोन्याचे १५-२० नॅनोमीटरचे कण पाण्यात लालभडक दिसतात, मोठे झाले की जांभळट. फॅरेडेने असे लाल द्रावण १८५७ मध्येच केले होते, पण आकारावर ताबा यायला बराच काळ गेला. टर्केविच या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये सोन्याच्या कणांसाठी सायट्रेट या क्षाराची पद्धत बसवली आणि १९७३ मध्ये फ्रेन्सने दाखवले की सायट्रेट कमी घातले की कण मोठे होतात. सायट्रेट कण घडवतो आणि त्याभोवती आवरणही धरतो; आवरण अपुरे पडले की कण वाढत जातो.

पुढे आलेल्या काही पद्धतींत मात्र सोडियम बोरोहायड्राइड, टोल्युइन अशी जहाल रसायने लागली. त्यांना ‘हिरवा’ पर्याय म्हणून पुण्याच्या याच गटाने कडुनिंब आणि चक्क गवती चहासुद्धा वापरून पाहिला! २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने साध्या खोलीच्या तापमानाला सोन्याचे पातळ, त्रिकोणी कण दिले. अर्काचे प्रमाण बदलून त्या कणांचे प्रकाशीय गुणही बदलता आले.

अडचण आहे ती पानांचीच. ऋतू, जमीन, पाणी बदलले की अर्क बदलतो, आणि त्याबरोबर कणही. त्यामुळे द्रावणाचा रंग पालटला एवढ्यावर समाधान मानणारे प्रयोग अर्धवटच म्हणायचे. त्या मानाने स्टार्च आणि ग्लुकोज वापरून पाण्यातच चांदीचे कण करण्याची २००३ ची अमेरिकेतली पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण त्यात काय किती घातले ते नेमके माहीत असते.

‘हिरवी’ पद्धत म्हटली म्हणून चांदी निरुपद्रवी होत नाही. जंतू मारणारे चांदीचे कण जमिनीतल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाहीत. तेव्हा बागेसाठी कोणी ‘नॅनो’ लिहिलेली बाटली पुढे केली, तर कणांचा आकार किती आणि तो कशाने मोजला, हे आधी विचारा.