गोष्ट छान आहे, पण पुरावा कुठाय?

एखाद्या भागातल्या छोट्या उद्योगाच्या इतिहासावर काम करायचं डोक्यात असेल, तर आधी या दोन गोष्टी वाचा. दोन्ही मासेमारीच्या नकली आमिषांबद्दल आहेत.

पहिली अमेरिकेतल्या व्हर्माँटची. ज्युलिओ ब्युएल होडीत बसून खात होता. हातातला चमचा तलावात पडला आणि एका माशाने त्यावर झडप घातली. त्यावरून त्याला चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष सुचलं.

दुसरी मिशिगनच्या डोवाजॅक गावातली. जेम्स हेडन मित्राची वाट बघत लाकडाचा तुकडा तासत बसला होता. जाताना त्याने तो पाण्यात भिरकावला आणि बास मासा त्यावर तुटून पडला. पुढे तिथे लाकडी आमिषांचा कारखाना उभा राहिला.

आता नावं झाका आणि परत बघा. सांगाडा एकच आहे ना? हातातली वस्तू पाण्यात जाते, मासा झडप घालतो, धंदा जन्मतो. म्हणून गोष्ट खोटीच ठरते असं नाही. पण प्रबंधात तिला कारण म्हणून वापरलंत, तर सगळं योगायोगावर जातं. ‘हा धंदा याच गावात का?’ हा तुमचा मूळ प्रश्न तिथेच मरतो.

मग काय बघायचं? पेटंट बघा. ब्युएलचं पेटंट १८५२ चं, हेडनचं १९०२ चं. पण जपून हं! पेटंट फक्त एवढंच सांगतं, की अमुक माणसाने अमुक तारखेला अमुक गोष्ट नवी असल्याचा दावा केला. ती सर्वात आधी कोणी बनवली, किती खपली, हे त्यात नसतं. कंपनीच्या कॅटलॉगचंही तसंच. काय विकायला ठेवलं ते कळतं, लोकांनी काय घेतलं ते नाही.

त्यानंतर विचारा, हा माणूस आधी काय करत होता? हेडन मधमाशीपालक होता. मधमाश्यांच्या लाकडी पेटीचं पेटंट त्याने १८८५ मध्येच घेतलं होतं. म्हणजे लाकूड मापात कापणं, पेटंट घेणं, दोन्ही त्याला आधीपासून ठाऊक! केंटकीतही हाच धागा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडरने दातेरी चाकांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की दोऱ्याची चकरी अनेकदा फिरायची. स्नायडर घड्याळजी होता. दातेरी चाकं हे त्याचं रोजचंच काम.

आता ‘इथेच का?’ला हात घालता येतो. चमच्यापेक्षा आधीच्या धंद्यातलं कौशल्य जास्त सांगून जातं, आणि ते कागदांत तपासताही येतं.

तुमच्या विषयातही अशी एखादी लाडकी गोष्ट असेलच. ती फेकू नका. प्रबंधात जरूर घ्या, पण ‘असं सांगितलं जातं’ म्हणून. कोण सांगतं, कधीपासून सांगतं, आणि ती सांगून कोणाचा माल खपतो, हेही शोधा. कधीकधी तेच एक अख्खं प्रकरण निघतं.