बेटानं राखलेली शाळा

शाळेचा पट घसरू लागला की आधी गावात कुजबुज होते आणि मग कचेरीतून पत्र येतं. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांना हे नवीन नाही. २०२३ साली राज्याच्या शिक्षण विभागानं २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभ्या करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा जिथे अशा शाळा आधीच उभ्या राहिल्या होत्या, त्या पानशेत आणि तोरणमाळची नावं वर्तमानपत्रांत सारखी येत होती. वादाच्या मुळाशी अंतर होतं: लहान पोरांनी रोज किती लांब जायचं? या प्रश्नाला जपानमधल्या एका बेटानं दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तिथे मध्ये डोंगर किंवा नदी नव्हती, आख्खा समुद्र होता.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर ओकी द्वीपसमूह आहे. त्यातल्या निशिनोशिमा, नाकानोशिमा आणि चिबुरी या तीन बेटांना मिळून दोझेन म्हणतात. मुख्य भूमीवरून मोठ्या बोटीनं साधारण तीन तास लागतात, आणि हिवाळ्यात समुद्र खवळला की बोट सुटतच नाही. १२२१ साली बंडात हरलेल्या सम्राट गो-तोबाला इथेच हद्दपार केलं होतं. १२३९ मध्ये तो याच मातीत वारला. नाकानोशिमा बेट म्हणजेच आमा हे गाव. १९५०च्या सुमारास इथे सात हजारांच्या आसपास वस्ती होती, आज ती जेमतेम २,३०० आहे. तिन्ही बेटांत मिळून उच्च माध्यमिक शाळा एकच, आमामधली ओकी-दोझेन हायस्कूल. शेजारच्या दोन बेटांवरची मुलं छोट्या बोटीनं रोज ये-जा करतात. त्यामुळे शाळेचं वेळापत्रक, खेळांचा सराव, संध्याकाळची तालीम, सगळं बोटीच्या वेळेला बांधलेलं असतं.

२००८ साली या शाळेचा एकूण पट ८९ वर आला. प्रांताच्या नियमानुसार नवे प्रवेश २१ च्या खाली जात राहिले, तर शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होणार होती. बेटावरची निम्म्याहून अधिक मुलं एव्हाना नववीनंतर थेट मुख्य भूमीवरच्या शाळांकडे वळू लागली होती. शाळा गेली तर काय होईल, हे समजायला कोणत्याही अहवालाची गरज नव्हती. पंधरा वर्षांचं मूल बाहेर ठेवायचं तर खोली, खानावळ, प्रवास हा खर्च आलाच. धाकटं भावंड मागोमाग असलं, तर पुष्कळदा सगळं बिऱ्हाडच हलतं. मग दुकानाचं गिऱ्हाईक कमी होतं, होडीवर हात कमी पडतात, अग्निशमनाच्या स्वयंसेवकांत तरुण माणूस उरत नाही. शाळा बंद झाल्याचा परिणाम शाळेच्या कुंपणाबाहेरच जास्त होतो.

त्याआधीपासूनच आमाची स्वतःची अवस्था बिकट होती. गावावर सुमारे १,००० कोटी येनांचं कर्ज होतं. २००२ मध्ये निवडून आलेले महापौर मिचिओ यामाउची यांनी शेजारच्या गावांत विलीन व्हायला नकार दिला आणि २००५ मध्ये स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. कर्मचाऱ्यांनीही १६ ते ३० टक्के कपात पत्करली. वाचलेल्या पैशातला काही भाग बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनाच्या मदतीला गेला. मासळी ताजी टिकवणारं नवं शीतयंत्र बसवलं, कालवं आणि माकूळ शहरांत पोचू लागली. एवढं करून मुलं पंधराव्या वर्षी गाव सोडणारच असतील, तर हा खटाटोप कशासाठी, हा विचार त्यातूनच पुढे आला.

अडचण अधिकाराची होती. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा गावाच्या, पण उच्च माध्यमिक शाळा प्रांताची. शिक्षक प्रांताचे आणि बदल्याही प्रांताच्याच हातात. महापौरांना तिथे बोलायचा कायदेशीर हक्क नव्हता. तरीही २००८ मध्ये तिन्ही बेटांचे प्रमुख, मुख्याध्यापक, पालक आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून शाळेच्या उत्कर्षासाठी एक मंडळ स्थापन केलं. सोनी कंपनीची नोकरी सोडून बेटावर राहायला आलेले यू इवामोतो समन्वयक म्हणून शाळा आणि गाव यांच्यामध्ये उभे राहिले. बाहेरचा माणूस शिक्षकांच्या खोलीत वावरतो, हे सुरुवातीला अनेकांना रुचलं नाही, आणि ते साहजिकच होतं. पुढे यामाउची, इवामोतो आणि पत्रकार तेरुमी तानाका यांनी मिळून लिहिलेलं या प्रयोगावरचं पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

मला सगळ्यांत जास्त ओढ वाटते ती मुलांच्या कामाची. २००९ मध्ये देशभरातल्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी पर्यटन-आराखड्यांची एक स्पर्धा पहिल्यांदाच भरली. आपल्या भागाची सहल तुम्ही आखा, असं तिचं स्वरूप. ओकी-दोझेनच्या मुलांनी विचार केला, की सुंदर समुद्र जपानमध्ये जागोजागी आहे, गरम पाण्याचे झरे तर आपल्याकडे सांगण्यासारखे नाहीतच. मग इथे येणाऱ्याला दुसरीकडे मिळणार नाही असं काय दाखवायचं? त्यांनी माणसं दाखवायचं ठरवलं. पाहुण्यानं स्थळं मोजत हिंडायचं नाही, बेटावरच्या माणसांना भेटायचं, त्यांच्याबरोबर काम करायचं, जेवायचं. या आराखड्याचं नाव ‘हितोत्सुनागी’, म्हणजे माणसं जोडणं, आणि स्पर्धेत तो पहिला आला.

इथवर ही बक्षिसाची गोष्ट झाली, आणि बक्षिसं आपल्या शाळांच्या कपाटांतही पुष्कळ असतात. या मुलांनी मात्र कागदावरची सहल खरोखर काढली. दुसऱ्या गावांतून मुलं बोलावली. आता ‘माणसं भेटवणं’ म्हणजे काय, ते पाहा. कोणत्या घरी पाहुणे उतरतील ते आधी जाऊन विचारायचं. मासेमारी करणाऱ्या काकांना कोणती वेळ मोकळी, ते त्यांच्या सवडीनं समजून घ्यायचं. चिबुरीची बोट चुकली तर जेवण कुठे, पाऊस आला तर काय, खर्च माणशी किती, हे सगळं जमवायचं. मोठ्यांशी नम्रपणे पण नेमकं बोलायचं. सोळा वर्षांच्या मुलानं हे केलं की गणित, भाषा आणि नागरिकशास्त्र एका दिवसात कामाला येतं. आणि ज्या आजोबांकडे ही मुलं वही घेऊन जातात, त्यांना कित्येक वर्षांनी कुणीतरी आपल्या धंद्याबद्दल बारकाईनं विचारतंय, हा अनुभव मिळतो. पुढे हा उपक्रम शाळेतलं एक मंडळच बनला, जसं टेबल टेनिसचं किंवा वाद्यवृंदाचं असतं.

गावाचे प्रश्न अभ्यासक्रमातही आले, आणि शाळा गावाच्या उत्सवातही मिसळली. ऑगस्टमध्ये आमात किन्यामोन्या नावाचा उत्सव असतो. लोक दोन्ही हातांत भाताचे लाकडी पळे घेऊन, ते एकमेकांवर वाजवत रस्त्यानं नाचत जातात. अशा गर्दीत शाळेचं पोर कोणतं आणि मच्छीमाराचं कोणतं, हे वेगळं काढता येत नाही.

पालकांच्या मनातली भीती मात्र खरी होती. हे सगळं ठीक, पण विद्यापीठाच्या प्रवेशाचं काय? बेटावर खासगी शिकवण्या नव्हत्या. म्हणून २०१० मध्ये सार्वजनिक पैशातून एक अभ्यासकेंद्र सुरू झालं. तिथे परीक्षेची तयारी होते आणि ‘स्वप्नांचा वर्ग’ही भरतो. त्यात मूल आपल्या मनातला विषय मांडतं आणि बेटावरची मोठी माणसंही चर्चेला बसतात. परीक्षेला कमी लेखून गावाचं कौतुक करणारी शाळा पालकांनी स्वीकारली नसती, आणि त्यांचं बरोबरच होतं. अनुभव हवा आणि गुणही हवेत, ही मागणी या लोकांनी रास्त मानली. या प्रयोगाचं मला सर्वांत पटलेलं वैशिष्ट्य हेच.

त्याच वर्षी ‘शिमा-र्युगाकु’, म्हणजे बेटावर शिकायला येणं, ही योजना सुरू झाली. टोकियो-ओसाकाची मुलं वसतिगृहात राहू लागली. प्रत्येकाला बेटावरचं एक कुटुंब जोडून दिलं जातं. त्यांना ‘शिमाओया’, बेटावरचे आईबाप म्हणतात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला जायचं, भातलावणीला हात लावायचा. ताटात कधी मांसाऐवजी समुद्री शंखातल्या गोगलगायीची करी असते, हा इथला जुना घरगुती पदार्थ.

अडचणी संपल्या असं नाही. शहरातून आलेली मुलं वर्गात धीटपणे बोलतात, आणि लहानपणापासून त्याच दहा-पंधरा जणांबरोबर वाढलेली बेटावरची मुलं गप्प राहण्याचा धोका असतो. परकी मुलं वाढली आणि आपलीच मागे पडली, तर शाळा वाचवून काय साधलं? पण पहिलीपासून एकाच वर्गात राहिलेल्या मुलाला नवा सोबती, नवा स्पर्धक, कधी भांडायला नवं माणूस मिळणं हीसुद्धा गरजच असते. शिक्षकांच्या बदल्यांचं दुखणंही कायम आहे. माहीतगार झालेला शिक्षक काही वर्षांत जातो. वसंतात बदलीची बोट सुटते तेव्हा हिशिउरा बंदरावर रंगीत कागदी फिती एका टोकाला प्रवाशांच्या आणि दुसऱ्या टोकाला निरोप देणाऱ्यांच्या हातात असतात. म्हणूनच शाळेची स्मृती सांभाळायला समन्वयक आणि गाव लागतं. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे, तिच्यात पालक बहुसंख्य आहेत. पण किती गावांत ती सह्यांपलीकडे जाते? गुरुजी बदलून गेल्यावर शाळेचं चालू काम पुढे नेणं, हे तिचं काम होऊ शकतं.

पट दशकाच्या आत दुपटीवर गेला, १८० च्या आसपास. २०१५ मध्ये राष्ट्रीय शिक्षण मंत्रालयानं जागतिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी निवडलेल्या शाळांत ही शाळा आली. २०१८ पासून गावाबाहेरची मुलं ग्रामीण उच्च माध्यमिक शाळांत पाठवण्याचा उपक्रम देशपातळीवर सुरू झाला. नंतर आणखी एक वळण मिळालं. २०२० मध्ये आमानं विशीतल्या तरुणांसाठीही अशीच योजना काढली: वर्षभर बेटावर राहा, काम करा. आता अडचण उलटी आहे. येणाऱ्यांना द्यायला घरं पुरत नाहीत, आणि गाव बंद पडलेली जुनी घरं मालकांकडून घेऊन, दुरुस्त करून भाड्यानं देतं.